तेरा पॉइंट आठ

"मी सही करणार नाही," गाडीतून न उतरताच ताई म्हणाल्या.

रोलर नुकतेच थांबले होते. खोलीत तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला होता : लिटरला एकोणीस पॉइंट सहा किलोमीटर. काचेपलीकडे कंपनीचा इंजिनिअर फोनवर कुणाला तरी तोच आकडा मोठ्या खुशीत सांगत होता.

साहेब आत आले. "काय झालं, ताई?"

"बॅटरी बघा. सुरुवातीला अठ्ठ्याहत्तर टक्के होती. आता एकतीस."

"हायब्रिड आहे ती. बॅटरी वापरणारच ना?"

"वापरू दे की! पण सुरुवातीला होती तेवढी शेवटी असायला हवी. नियम आहे आपला. ही आधीच भरून आणलेल्या विजेवर पळाली, आणि पेट्रोल वाचवलं म्हणून मिरवतेय. घरून पोटभर जेवून यायचं आणि खानावळीत सांगायचं, मी फार कमी खातो!"

चाकांचे पट्टे सोडणारा मिस्त्री खाली मान घालून हसला. साहेबांना हसू आलं नाही.

नव्या गाड्या बाजारात जाण्याआधी या केंद्रात त्यांचं पेट्रोल मोजलं जाई. गाडी रोलरवर जागच्या जागी पळे. पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत राही आणि चालवणाऱ्याने पायाने ती रेघ धरून ठेवायची. रेघ सुटली की चाचणी बाद. ताईंची रेघ सव्वीस वर्षांत फक्त दोनदा सुटली होती, आणि त्यातल्या एका वेळी भूकंपाचा धक्का बसला होता. सगळे त्यांना रेघताई म्हणत. साहेब नोकरीत नवीन होते तेव्हा त्यांच्याच शेजारी बसून काम शिकले होते.

गाडी मात्र देखणी होती. लांबलचक, काळी, चारही चाकांना जोर, आत बसलं की उठावंसं वाटू नये अशी. शर्यतीच्या गाडीसारखी पळते आणि लहान गाडीएवढंच पेट्रोल पिते, अशी तिची जाहिरात आठवडाभर सगळीकडे झळकत होती. परवा ती विक्रीला येणार होती. दाखला तेवढा राहिला होता.

"तुमची सही म्हणजे गाडी तुम्ही चालवली एवढंच," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आकड्याची जबाबदारी माझी."

"मग तसंच लिहिते. गाडी मी चालवली, आकडा माझा नाही."

"ताई, असं कुठे लिहितात का?"

"नसतील लिहीत. उद्या सकाळी पुन्हा मोजू या. गाडी रात्रभर इथे उभी राहिली की झालं."

तेवढ्यात इंजिनिअर दारात आला. "उद्या दहाला गाडी न्यायला ट्रक येतोय. वेळ नाही." मग ताईंकडे न बघता साहेबांना म्हणाला, "तुमच्याकडे सही करणारं दुसरं कुणीच नाही का?"

ताई उतरल्या. त्यांनी दार सावकाश लावलं.

घरी नवरा भांडी घासत होता. जन्मभर बस चालवून तो गेल्या वर्षी निवृत्त झाला होता. ताईंनी बॅग खुर्चीवर टाकली आणि सगळं सांगितलं.

"तीन वर्षं उरलीत तुझी," तो म्हणाला. "कशाला डोक्याला ताप? ज्याला ती गाडी परवडते, तो पेट्रोलचा काटा बघत बसणारे का?"

"तो बघेल नाहीतर डोळे मिटून घेईल. मला काय त्याचं?"

"मग?"

"मी मोजते आणि ते वाट्टेल ते लिहितात. मग माझी गरजच काय? तिथे एक वीट ठेवा पेडलवर!"

नवऱ्याने नळ बंद केला. "खरा आकडा किती असेल?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

त्याने हात पुसले. "उद्या किती वाजता उठवू?" त्याने विचारलं.

सकाळी पावणेसातला ताई केंद्रात पोचल्या. मिस्त्री आधीच आला होता. गाडी रात्रभर ठरलेल्या तापमानात उभी होती, बॅटरी एकतीस टक्क्यांवर. कागद छापणारं यंत्र ताईंनी सुरू केलं. त्यातल्या प्रत्येक पानाला क्रमांक असे, त्यामुळे पान फाडलं तर लगेच कळे.

"ताई, साहेबांना विचारलंय का?"

"नाही. पट्टे बांधून तुम्ही घरी जा. मी कुणाचं नाव घेणार नाही."

"घरी जाऊन काय करू?" मिस्त्रीने पट्टा खेचला. "कुणी विचारलं तर सांगेन, ऐकू कमी येतं. बायकोचीही तीच तक्रार आहे."

रोलर फिरू लागले. रेघ सरकू लागली. ताईंचा पाय तिच्यासोबत चढला, उतरला, थांबला. बॅटरीत भरून आणलेलं जादा काही उरलं नव्हतं, त्यामुळे इंजिन सारखं जागं होत होतं आणि पेट्रोल मागत होतं. शेवटची अकरा मिनिटं उरली होती तेव्हा काचेवर थापा पडू लागल्या.

इंजिनिअर होता. तो ओरडत होता, पण आवाज आत पोचत नव्हता. रोलर फिरताना खोलीचं दार उघडत नसे. त्याच्यामागून साहेब धावत आले, आणि बाहेरच्या लाल बटणावर त्यांनी हात ठेवला. ते दाबलं की सगळं थांबणार होतं.

ताईंना डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात दिसला. मान वळवली असती तर रेघ सुटली असती. त्यांनी मान वळवली नाही. पुढे शंभरच्या वरच्या वेगाचा टप्पा होता. त्यांनी पाय दाबला. दाबायचं असेल तर दाब बाबा, पण माझी चूक म्हणून हे थांबणार नाही.

हात बटणावरच राहिला.

रोलर थांबले. बॅटरी बत्तीस टक्के. लिटरला तेरा पॉइंट आठ किलोमीटर. कागद छापून बाहेर आला आणि ताईंनी स्टिअरिंगवरच धरून त्यावर सही केली. एकदम स्वच्छ, पूर्ण नावाची.

"परवानगीशिवाय चाचणी!" दार उघडताच इंजिनिअर ओरडला. "काय होईल कळतं का तुम्हाला?"

"कळतं," ताई म्हणाल्या. "पण चाचणीत चूक कुठे झाली तेवढी दाखवा."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "चूक नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. कालच्या आकड्याचा दाखला त्यांनी दिला नाही. कंपनीने दहाच्या ट्रकमधून गाडी नेली आणि दुसऱ्या एका केंद्रातून हवा तसा दाखला मिळवला. गाडी चार दिवस उशिरा का होईना, वाजतगाजत बाजारात आली.

ताईंना त्याच आठवड्यात रोलरवरून काढलं. हुकमाचा कागद द्यायला साहेब स्वतः आले. "वरून आलाय. मी खूप सांगून बघितलं."

"बटण का दाबलं नाहीत?"

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "तुमची रेघ सुटली नव्हती," ते म्हणाले, आणि निघून गेले.

ताई आता तळघरातल्या नोंदींच्या खोलीत बसतात. केंद्रात झालेल्या प्रत्येक चाचणीचं पान तिथे असतं, आणि अर्ज केला तर कुणालाही बघता येतं. अर्ज कुणी करत नाही. पहिले दोन महिने त्या जुन्या फायली लावत राहिल्या. रोलर सुरू झाले की छत थरथरे. त्या वेळी त्या काम थांबवत नसत.

एका दुपारी एक माणूस अर्ज घेऊन आला. त्याचा भाड्याने गाड्या देण्याचा धंदा होता. त्याने तीच काळी गाडी घेतली होती, आणि पेट्रोल का पुरत नाही हे त्याला कळत नव्हतं. गाडी आधी इथे मोजली होती, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ड्रायव्हर चोरतोय असं समजून त्याने आधीच्या ड्रायव्हरला काढलंही होतं.

ताईंनी फाईल काढली आणि ते पान टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "तेरा पॉइंट आठ," तो पुटपुटला. "म्हणजे तो बिचारा..."

"त्याला परत बोलवा," ताई म्हणाल्या.

त्याने खिशातून पेन काढलं आणि आकडा हातावर लिहून घेतला. पानाच्या तळाशी चालवणाऱ्याची सही होती. ती काही त्याने वाचली नाही. तो घाईने जिना चढून गेला, आणि ताईंनी फाईलची दोरी पुन्हा बांधली.