ब्लॉकवरचा नंबर

"पेशंट नलिनीचं कोण आहे?" अतिदक्षता विभागाच्या दारातून सिस्टरने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा दत्ताराम तळवडेकर बाकावरून हलला नाही. सिस्टरचा उतरलेला आवाज ऐकून काय झालंय ते त्याला कळलं होतं. त्या नलिनीच्या माणसांची त्याला कीव आली. शेजारी बसलेल्या बाप्याला तो म्हणालासुद्धा, "कुणाची आहे बिचारी."

तेवढ्यात त्याची मुलगी श्वेता औषधं घेऊन जिना चढून आली. हाक ऐकली आणि तिच्या हातातली पिशवी सुटली.

"पप्पा, उठा. आईला म्हणतायत ते."

त्याच्या बायकोचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नलिनी. आधार कार्ड काढताना तिने तोच दाखला पुढे केला होता, आणि दवाखान्यात भरती करताना श्वेताने आधार कार्ड दिलं. बाकी साऱ्या जगाला ती कुंदा होती. ते नाव दत्तारामने ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं होतं, "कुंदा म्हणजे काय ओ?" तो म्हणाला, "फूल असतं." "कुठलं?" ते त्याला माहीत नव्हतं. त्यावरून ती सत्तावीस वर्षं त्याची फिरकी घेत होती.

बोरिवली-दहिसरकडच्या पाच लहान नर्सिंग होमच्या चादरी दोघं धुऊन द्यायची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत भाड्याचा एक गाळा, दोन मशिनं आणि एक जुनी डिझेल व्हॅन, एवढाच पसारा. व्हॅन एका बेकरीवाल्याकडून घेतली तेव्हा रेशनकार्डावरचं नाव लावून कुंदाच्या नावावर केली. चादरींच्या घड्या घालता घालता कुंदा गाळ्यातच कोसळली आणि चौथ्या दिवशी गेली.

व्हॅनचा रेडिएटर वर्षभर गळत होता. रोज सकाळी कुंदा त्यात दोन बाटल्या पाणी ओतायची. बदलू, बदलू म्हणत दोघांनी तसंच रेटलं होतं. तेरावं उरकून दत्ताराम कामाला लागला, पण पाण्याचं त्याच्या डोक्यातच राहिलं नाही. चार दिवसांनी दहिसर चेक नाक्याच्या अलीकडे सीटखालून वाफ आली, इंजिन दोनदा खडखडलं आणि जाम झालं. व्हॅन टोचन लावून चारकोपला आणावी लागली.

नंदू मिस्त्रीचं गॅरेज गाळ्याच्या मागच्याच गल्लीत. दोघं एका वयाचे, एकाच चाळीत वाढलेले. नंदूने हात पुसत पुसत सांगितलं, "तीन रस्ते आहेत. एक, आहे त्याच इंजिनाचं काम करायचं. लायनर, पिस्टन, रिंगा. दुसरा, याच मॉडेलचं इंजिन कुर्ल्याला आलंय. ठोकलेल्या गाडीचं आहे, पण इंजिन चांगलं, आणि कागद आहेत. तिसरा, नवीन सेन्सरवालं. ते मी तुला बसवून देणार नाही. वायरिंगमध्ये तू म्हातारा होशील आणि आरटीओ पास करणार नाही."

"तू काय करशील?"

"कुर्ल्याचं घेईन. डोळे झाकून."

"मग झालं तर."

"फक्त इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. आरसीवर नवीन नंबर चढवावा लागेल, मालकाची सही लागेल. वहिनींच्या नावावर आहे ना? म्हणजे आधी गाडी तुझ्या नावावर करायची. मृत्यूचा दाखला जोडला की होतं."

दत्ताराम उघड्या इंजिनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पहिलंच कर. आहे तेच."

"आत्ता तर मग झालं म्हणालास."

"आहे तेच कर, नंदू."

नंदूने हेड उतरवलं. दुपारी त्याने निरोप धाडून दत्तारामला बोलावलं, ब्लॉकवर डिझेलचा फडका फिरवला आणि बोट ठेवलं. दोन सिलिंडरांच्या मधून केसासारखा तडा गेला होता.

"वेल्डिंग होईल ना?"

"होईल. आणि दहिसरच्या पुलावर उघडेल. मागे पेशंटच्या चादरी, पुढे तू. मी नाही करणार."

"मग कुर्ल्याचंच आण," दत्ताराम म्हणाला. नंदूला बरं वाटलं. पण दत्तारामचं बोलणं संपलं नव्हतं. तो जवळ सरकला. "आणि त्यावर हाच नंबर ठोक. तो घासून टाक, हा ठोक. कोण बघतंय?"

नंदूने हातातला फडका ब्लॉकवर टाकला.

"डोकं फिरलंय काय रे तुझं? आत जाशील. तू जाशील ते जाशील, मलाही घेऊन जाशील. चोरीच्या गाड्यांचे धंदे आहेत ते. तीस वर्षं गॅरेज चालवतोय, एक नंबर नाही घासला मी. वहिनींनी ऐकलं असतं ना, तर पाना घेऊन आल्या असत्या."

"तिचं नाव काढू नकोस."

"काढणार. तुला नावाचंच दुखतंय, मला काय कळत नाही?"

दत्ताराम गॅरेजमधून निघून आला.

पुढचे आठ दिवस चादरींची गाठोडी रिक्षाने गेली. एका रिक्षात दोनच मावायची. सकाळच्या चादरी दुपारी पोचू लागल्या. बोरिवलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट बोलून काम दुसऱ्याला दिलं. दहिसरच्या दोन नर्सिंग होमनी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. श्वेता अंधेरीच्या ऑफिसातून रजा काढून आली आणि बापाला घेऊन आरटीओच्या एजंटाकडे गेली.

एजंट चंद्रप्रकाश म्हणजे सरळ माणूस. त्याने आरसी आणि मृत्यूचा दाखला शेजारी शेजारी ठेवला.

"काका, गाडी कुंदाबाईंची आहे. वारल्यात नलिनीबाई. कागदावर कुंदाबाई जिवंत आहेत."

श्वेताला वाटलं, बाप चिडेल. पण दत्तारामचा चेहरा क्षणभर उजळल्यासारखा झाला, आणि तिला ते बघवलं नाही.

"काय करावं लागेल?" तिने विचारलं.

"प्रतिज्ञापत्र. नलिनी आणि कुंदा ही एकच व्यक्ती, ती अमुक तारखेला मयत झाली. काकांची सही. मग वारस म्हणून गाडीवर काकांचं नाव, मग इंजिनाचा नंबर. एकदम होतं सगळं."

कागद तिथेच टाइप झाला. दत्तारामने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "घरी करतो सही."

"घरी नाही चालत, काका. नोटरीसमोर करावी लागते."

"मग उद्या येतो."

बाहेर आल्यावर श्वेता थांबली. "पप्पा, गाळा जाईल. आईने त्या मशिनांचे हप्ते फेडलेत. ते घालवणार का तुम्ही?"

"नलिनी गेली म्हणून लिहिलंय ना त्या दाखल्यावर. ते मी कुठे नाकारलं?"

"म्हणजे?"

"कुंदाला मी नाव दिलं, श्वेता. ती मेली असं मीच लिहून द्यायचं?"

"ती माझी आई होती. तिला आई म्हणत होते मी. आई जिवंत आहे असा कुठला कागद देणार मला तुम्ही?"

दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेली. बस आली तेव्हा तो म्हणाला, "नंदूला फोन कर. कुर्ल्याचं आण म्हणावं."

इंजिन दोन दिवसांनी आलं. नंदूने ते धुऊन, नवीन सील टाकून बाकड्यावर सुरू करून दाखवलं. आवाज चांगला होता. दत्तारामने मान डोलावली. रेडिएटर नवा घेतला. जुना ब्लॉक भंगारात गेला, पण त्याआधी नंदूने त्यावरचा नंबर कागदावर टिपून फाइलला लावला, आरटीओत दाखवायला.

व्हॅन गॅरेजच्या भिंतीला लागून उभी आहे. महिना संपायला सहा दिवस उरलेत. इंजिन बसवायचं आहे, आणि त्याआधी प्रतिज्ञापत्रावर दत्तारामची सही व्हायची आहे.