पायाखालची फळी

"अगो बाय, माझी चप्पल गेली! गाडीत बसलेय का चालनीत?"

गुणाबाई हे पुटपुटल्या ते अगदी माझ्या दाराला तोंड लावून, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, आणि ती चप्पल माझ्याच तळातून गेली. कामोठ्याच्या वळणावर मी गतिरोधकावरून उतरले, पत्रा कुरकुरला, गुणाबाईंचा डावा पाय घोट्यापर्यंत खाली गेला आणि वर आला तो अनवाणी. मागचा रिक्षावाला चपलेवरून गेला आणि वर आम्हालाच चार शब्द सुनावून गेला.

गाडी चालवत होते त्यांचे यजमान काशिराम. त्यांनी समोरची नजर न हलवता सांगितलं, "पाय वर घे जरा. पावसानं पत्रा नरम झालाय."

पाऊस जाऊन चार महिने झाले होते. फेब्रुवारी चालू होता.

मी जन्मले तेव्हा अशी नव्हते हो. माझ्या चारही चाकांना जोर होता आणि तळाचा पत्रा असा की हातोडा पडला तर हातोड्यालाच लागावं. सतरा वर्षं मी ओव्याच्या डोंगराकडच्या एका दगडखाणीत राबले. ट्रक चिखलात रुतला की मला हाक यायची. खाणीचे मुकादम भगवानदादा माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "ही गाडी नाय, रेडा हाय रेडा!" मी बाईमाणूस, पण कौतुक होतं म्हणून ऐकून घेतलं.

मग खाण बंद पडली. दोन वर्षं मी गवतात उभी होते. त्या काळात माझ्यावर विश्वास ठेवला तो फक्त एका कोंबडीने. तिने ड्रायव्हरच्या सीटखाली नऊ अंडी घातली आणि मी एकही फुटू दिलं नाही.

२००५ साली काशिरामनी मला विकत घेतलं आणि मी पनवेलच्या कोळीवाड्यात आले. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी आपली होडी विकली होती. खाडी भरावाने अरुंद झाली, मासळी लांब गेली, त्यांचे गुडघेही कुरकुरायला लागले. गुणाबाईंच्या टोपल्या बंदरावरून बाजारात न्यायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी. विकताना होडीची एक फळी मात्र त्यांनी काढून आणली, चार बोल्ट मारून माझ्या तळाला, ड्रायव्हरच्या पायाखाली बसवली आणि पायपुसणं टाकलं. फळी होडीचीच आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. होडीची कुठली, ते कोणी विचारलं नाही. फळी पालथी होती. तिच्या खालच्या बाजूला पिवळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते वाचता येत होतं फक्त मला, कारण ती अक्षरं माझ्याच अंगाला टेकलेली होती. वाचता येतं पण बोलता येत नाही, हीच तर आम्हा गाड्यांची अडचण.

त्या दिवसापासून त्या घरात 'होडी' हा शब्दच बंद झाला. मुलगा शैलेश बायकोला घेऊन घारापुरीची लेणी बघून आला, तेव्हा काशिरामनी विचारलं, "कसे गेलाव तिकडं?"

शैलेश म्हणाला, "गेलो आपले."

सूनबाई कोमलने भर घातली, "पाण्यावरून."

एवढंच. पुढे सगळ्यांनी भाकरीकडे बघितलं.

आता माझ्या दुखण्याचं मूळ सांगते. होडी नेहमी खाऱ्या पाण्याने धुवायची, गोडं पाणी मुरलं की लाकूड कुजतं, हे काशिराम लहानपणापासून शिकलेले. त्यामुळे दर पुनवेला भरती आली की ते खाडीचं पाणी बादलीने आणायचे आणि त्या फळीवर ओतायचे. सहा बादल्या! फळी मजेत असायची. पण फळीखाली होते मी, आणि मी लाकडाची नव्हते. पाणी फळीच्या फटीतून उतरायचं, माझ्यावर बसायचं आणि मीठ मागे ठेवून जायचं. पहिल्या वर्षी तिथे तांबूस डाग पडला. तिसऱ्या वर्षी भोक.

पहिल्यांदा तळ गेला तेव्हा मला कामोठ्याच्या हरेशकडे नेलं. हरेश वेल्डर मोठा गुणी. त्याने फळीच्या आजूबाजूला पॅच मारला, वर गंज थांबवणारा तांबडा रेड ऑक्साइड लावला आणि म्हणाला, "काका, यावर काळं कोटिंग मारतो."

"कोटिंग मी मारीन," काशिराम म्हणाले.

आणि त्यांनी काय मारलं असेल? होडीला मारतात ते माशाचं तेल. माझ्या अख्ख्या तळाला दोन हात, कुंच्याने, मन लावून. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, पत्र्याला बरं वाटलं. पण त्या रविवारी आम्ही शैलेशकडे खांदा कॉलनीत गेलो आणि अर्ध्या तासात माझ्याखाली अकरा मांजरं जमली. एक तर पिल्लं घेऊन राहायलाच आली. सोसायटीचे सेक्रेटरी अवधूत खाली उतरले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "काका, गाडी पाहुण्यांची आहे, ठीक आहे. पण एवढ्या मांजरांना पार्किंग मिळणार नाही."

अडीच वर्षांनी तळ पुन्हा गेला, पुन्हा पॅच बसला. ही चपलेची भानगड म्हणजे तिसरी खेप, २०१३ सालची. गुणाबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, "तल होत नाय तवर नवी चप्पल घेनार नाय." आणि एकाच पायात चप्पल घालून त्या बाजारात मासे विकायला बसल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं की त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. माझी अब्रू अशी पापलेटांच्या शेजारी मांडलेली.

हरेशने मला जॅकवर चढवलं. कोमल, शैलेश, गुणाबाई सगळे हजर होते. त्याने वायर ब्रशने गंज खरवडला, बोटावर आलेली पांढरी भुकटी बघितली आणि हळूच जिभेला लावली.

"खारट," तो म्हणाला.

काशिराम माझ्या आरशात बघून मिशी नीट करत होते.

हरेशने थुंकी गिळली. "हवा खारी हाय हितली."

"हवाच," कोमल म्हणाली.

"कामोठ्यापर्यंत येते हवा," शैलेशनेही पुष्टी दिली. मग जरा आवाज चढवून म्हणाला, "बाबा, ही शेवटची वेळ. आता परत तळ गेला तर मी सरळ कळंबोलीला भंगारात देणार. आई रस्त्यावर पडली असती त्या दिवशी."

मित्रांनो, माझा जीव रेडिएटरमध्ये गोळा झाला. भंगारात माझ्यासारख्यांचे तुकडे करतात हे मला खाणीतल्या ट्रककडून कळलेलं होतं. शैलेशवर मला राग धरता येईना. त्याला आईची काळजी होती. आणि काशिराम खारं पाणी असंच ओतत राहिले तर नवा तळही अडीच-तीन वर्षांचाच सोबती, हे मला, हरेशला आणि तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काम सुरू झालं. ग्राइंडरने कुजका पत्रा कापला. मला गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही. नवा पत्रा वेल्ड झाला, त्यावर रेड ऑक्साइड, एक दिवस सुकवण, मग वरून-खालून काळं घट्ट कोटिंग. आणि हे सगळं होत असताना काशिराम कुठे होते? ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही दिवस, दोन्ही पाय फळीवर रोवून, डोळ्यांना हरेशचा काळा चष्मा, हातात ठिणग्या विझवायला ओलं पोतं. हरेशने आयुष्यात पुष्कळ गाड्या वेल्ड केल्या होत्या, पण माणसाच्या भोवतीने वेल्डिंग त्याने पहिल्यांदाच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा तळ काळाभोर चमकत होता. राहिला होता फक्त फळीखालचा वीतभर तुकडा.

इथे थांबून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरी सायकल असेल, पत्र्याची पेटी असेल, एखादी माझ्यासारखी म्हातारी गाडी असेल. तिला वरून रंग फासण्याआधी एकदा वाकून खाली बघा. गंज नेहमी झाकलेल्या जागेपासून सुरू होतो आणि झाकणारा माणूस बहुतेक वेळा प्रेमाचाच असतो. त्याच्यावर ओरडू नका. पण गप्पही बसू नका. आमच्याकडे आठ वर्षं सगळे गप्प बसले, त्यात माझा तळ तीनदा गेला.

"काका," हरेश ब्रश हातात धरून म्हणाला, "हितं ब्रश पोचत नाय."

"बारका ब्रश घे."

"बारकाच हाय."

"चहा सांगू का सगळ्यांना?" कोमलने विचारलं.

"मी आणतो," शैलेश म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

हरेश ब्रशाचे केस मोजत बसला. डब्यातलं कोटिंग घट्ट व्हायला लागलं. तेवढ्यात गुणाबाई उठल्या. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशा चट-धप, चट-धप करत त्या माझ्या दाराशी आल्या आणि दार उघडलं.

"अवो, ही होडीची फली हाय."

हरेश केस मोजायचा थांबला. आठ वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"होडी विकली आपन," गुणाबाई म्हणाल्या. "गेली ती. ही गाडी हाय, हिला खारं पानी सोसत नाय. तुमी दर पुनवेला पानी घालताव ते गाडीला नाय, होडीला घालताव. हे हितं सगल्यांना म्हाईत हाय. कोन बोलत नाय, म्हनून मी बोलतंय."

काशिरामनी काळा चष्मा काढला.

"नावाची फली हाय ती," ते म्हणाले.

"कंची?"

"नावाची. पालथी घातलेय." त्यांचा आवाज एवढा खाली गेला की तो मलाच काय तो नीट ऐकू आला असेल. "तुझ्या नावाची होडी मी विकली, गुने. ते नाव रोज समोर बघवलं नसतं. आन टाकवलं पन नसतं."

खाली माझ्या अंगाला टेकलेली ती पिवळी अक्षरं मला पाठ होती. गुणाबाई. आठ वर्षं मी ती एकटीने वाचली होती.

वरच्या गुणाबाईंनी हरेशच्या पेटीतून पाना उचलला, काशिरामच्या हातात दिला आणि पदराने नाक पुसलं.

"होडी विकलीत. मला नाय विकलंत," त्या म्हणाल्या. "उचला पाय माझ्या नावावरनं."