तू निघालीस तरी चालेल

पुठ्ठ्याचा तो तुकडा औषधाच्या खोक्याचाच होता. बाळाचा हात सरळ राहावा म्हणून कुणीतरी तो कापून, त्यावर कापूस गुंडाळून मनगटाखाली चिकटपट्टीने बांधला होता, आणि कापूस एका बाजूला सरकल्यामुळे खोक्यावरची दोन-तीन इंग्रजी अक्षरं उघडी पडली होती. अक्षता ती अक्षरं कितीतरी वेळ वाचत होती – म्हणजे वाचत नव्हतीच, नुसते डोळे तिथे ठेवत होती, कारण ते उचलले की आधी प्रबुद्धचा झोपलेला चेहरा येणार, आणि त्याच्या पलीकडे खाटेच्या कडेवर टेकलेली त्याची आई.

“बसा ना सिस्टर,” चेतना म्हणाली, आणि खाटेखालचं स्टूल तिनेच ओढून पुढे केलं.

अक्षता बसली. बसल्यावर वाटलं, बसायला नको होतं. जिचं पोर दोन दिवसांपूर्वी रिक्षात निपचित पडलं, ती आपल्याला बसायला देते आहे, विचारते आहे की मालाडहून यायला त्रास झाला का, ऊन फार होतं का... आणि आपण तिला ‘तुम्ही’ म्हणतो आहोत. आल्या आल्या म्हणालो, “कसं आहे बाळ? तुम्ही जेवलात का?” लसीकरण केंद्रावर तर ती कधी चेतनाला ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती. तिथे सगळ्याच आया ‘तू’ आणि ‘गं’. बाळाचा पाय धर गं, टोपी काढ गं, रडू दे, काही होत नाही.

काही होत नाही... लाखात एखाद्याला होतं. हे तिला शिकवलेलं होतं आणि ती नव्या मुलींना शिकवतही होती. लस दिली की बाळाला अर्धा तास तिथेच बसवायचं, काही झालंच तर ते आपल्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून. औषध तिथे तयार असतं, ते टोचायचं कसं हे ठाऊक असतं. पण टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या केंद्राच्या त्या दोन खोल्यांत बसायला बाक एकच, आणि परवा तर दारापर्यंत बायका उभ्या होत्या, एकीचं पोर दुसरीच्या पायावर पडलेलं, पंखा बंद, कुणीतरी मागून ओरडत होतं की आमचा नंबर कधी. चेतना बाकाच्या टोकाला बसली होती, दीड वर्षाचा प्रबुद्ध मांडीवर, रडून रडून शांत झालेला. तिला बसून जेमतेम पाच-सात मिनिटं झाली असतील. आणि अक्षताने मान वर न करता, पुढच्या बाळाच्या मांडीवर कापूस फिरवता फिरवता म्हटलं होतं...

मी काही मुद्दाम केलं नाही. कोण मुद्दाम करतं? सगळ्याच केंद्रांवर असं होतं, गर्दी असली की बाक मोकळं करावंच लागतं. इतक्या वर्षांत मी हजारो मुलांना टोचलं, कुणाला ताप, कुणाच्या मांडीला गाठ, त्यापलीकडे काही नाही. आणि संध्याकाळी कळल्याबरोबर मीच वर फोन केला. लपवलं नाही.

फोन केला, हे खरं होतं. पण पलीकडून डॉ. नंदकिशोर परबांनी – लस दिल्यावर मुलांना त्रास झाला तर त्याची चौकशी तेच करत – विचारलं होतं, “अर्धा तास थांबवलं होतं ना?” आणि तिच्या तोंडून ‘हो सर’ बाहेर पडलं होतं. इतकं सहज, की फोन ठेवल्यावर काही क्षण तिला स्वतःलाही ते खरंच वाटलं. आज ते बाळाच्या आईला विचारायला येणार म्हणून कळल्यावर मात्र ती त्यांच्या आधीच इथे येऊन पोचली होती. चेतना सांगेल. का नाही सांगणार?

डॉ. परब आले. तरुण, मृदू बोलणारे. आधी बाळाच्या पायाला हात लावला, मग म्हणाले, “ताई, कुणाला दोष द्यायला आलो नाही. लस दिल्यावर किती वेळाने सुरू झालं, एवढं फक्त नीट आठवून सांगा.”

चेतनाने अक्षताकडे पाहिलं. एकदाच.

“अर्धा तास बसलो होतो आम्ही तिथे,” ती म्हणाली. “मग घरी गेलो. त्याला थोडं खायला दिलं. नंतर त्याला आईकडे सोडायला निघाले, तेव्हा रिक्षात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले... आणि मान टाकली त्याने. रिक्षावाल्यानेच जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सुई दिली म्हणून...”

“खायला काय दिलं होतं?”

ती अडखळली. “अंडं. थोडंसं.”

“आधी कधी दिलं होतंत?”

“नाही. पहिल्यांदाच.”

अक्षताच्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली गेलं. खांदे उतरले, जिभेला पाणी सुटलं – एखादं ओझं कुणीतरी परस्पर उचलून न्यावं तसं – आणि त्या क्षणी तिला कळलं नाही की हे काय आहे, नंतर कळलं. तो आनंद होता.

“मग चित्र थोडं बदलतं,” डॉक्टर म्हणाले. “तासाभराने, आणि तेही पहिल्यांदा अंडं खाल्ल्यावर. लसीचा संबंध नसेलही. तपासण्या करू आपण. पण तसंच निघालं, तर पाच वर्षांचा डोस नेहमीसारखा केंद्रावरच देता येईल. काय सिस्टर?”

“हो सर.”

ते वॉर्डातल्या डॉक्टरांना भेटायला पलीकडच्या टोकाला गेले. आलोच, मग एकत्रच निघू, म्हणाले.

चेतना पुढे वाकली. “सिस्टर, रागावू नका. मीच घाई केली त्या दिवशी. कंपनीत अर्ध्या दिवसाचीच सुट्टी होती, दोनदा घड्याळ बघितलं मी. अर्धा तास बसले असते तर तुमच्यासमोरच झालं असतं ना सगळं? अंडंबिंडं काही दिलं नव्हतं हो, केंद्रावरून थेट आईकडेच निघाले होते. नवऱ्याला, धम्मपालला पण मी बसले होते असंच सांगितलंय. त्याला कळलं तर तो काही बोलणार नाही, पण... सासूबाई जन्मभर बोलतील. तुम्ही नाही ना सांगणार?”

“नाही,” अक्षता म्हणाली.

आणि आपला आवाज तिला ऐकू आला. दयाळू आवाज. चूक पोटात घालणाऱ्या मोठ्या बाईचा.

त्या दिवशी चेतनाने ‘निघू का’ असं विचारलंच नव्हतं. घड्याळ पाहिलं असेल. पण उठली नव्हती, बाळाची टोपी हातात घेऊन मुकाट बसली होती, सांगितलं असतं तर तासभर बसली असती. ‘तू निघालीस तरी चालेल गं’ – हे अक्षताचं वाक्य होतं. ती गेली आणि तिच्या जागी दुसरी बसली. दोन रात्री दवाखान्यात जागून या बाईने ते वाक्य विसरून टाकलं होतं, आणि त्या जागी स्वतःची घाई ठेवली होती. न दिलेलं अंडं बाळाच्या पोटात घातलं होतं. आणि उद्या तेच अंडं खरं धरून कुणीतरी या मांडीत पुन्हा तीच सुई टोचेल.

पाच वर्षांचा डोस. म्हणजे अजून साडेतीन वर्षं. तोपर्यंत आपली बदली झालेली असेल...

हा विचार आला. तो कुणी दुसऱ्याने तिच्या कानात सांगितला नव्हता; अगदी घरगुती, हिशेबी विचार, बाजारातून परतताना येतो तसा. परवापासून ती घाबरलेली होती आणि त्या घाबरण्यालाच ती लाज समजत होती. लाज ही आत्ता आली – झोपेत हलणाऱ्या त्या लहानशा पोटाकडे बघताना.

वॉर्डाच्या टोकाला डॉक्टर वळले, इकडे येऊ लागले. सांगायला हवं. वाक्य जुळवून ठेवायला हवं. सर, त्या अर्धा तास बसल्या नव्हत्या. सर, त्यांना कामावर जायची घाई होती. सर, बाळाला अंडं दिलेलं नाही, त्या घाबरून बोलल्या... खरीच होती ती वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यात चेतना होती. प्रत्येकातून अक्षता अलगद बाजूला झाली होती, बाक मोकळं करून.

चेतना तिच्याकडे विश्वासाने बघत होती. डॉक्टर दोन खाटांपलीकडे थांबले, कुणाशी तरी बोलू लागले. अक्षताने स्टुलाची कड धरली आणि पुन्हा सुरुवात केली, तोंडातल्या तोंडात, ओठ न हलवता – सर, मी... पुढचं येईना. मी. ते एवढंसं अक्षर तिथेच अडकून बसलं. आणि तरी या दोन दिवसांत पहिल्यांदाच ते माझं होतं. मी तिला जा म्हटलं. सर, मी...