धावेची रेघ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि घोटाभर मऊ धुळीचा एक रस्ता मनात आणा. त्या धुळीत दोन खुणा उमटल्या आहेत. एक नुसतीच सरळ रेघ. दुसरीत मात्र शंकरपाळ्या आणि त्यांच्या मधोमध ठिपके, अशी रेखीव नक्षी. तुम्ही आधी कुठल्या खुणेकडे पाहाल?

उत्तर देऊ नका. मला ते माहीत आहे, कारण ती सरळ रेघ माझी आहे.

मी एक जुनी धाव आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी. निजामाचं राज्य होतं तेव्हा वडीगोद्रीच्या कडूबा लोहारानं मला गोवऱ्यांच्या जाळात लाल केलं, चाकावर चढवलं आणि वरून पाणी ओतलं. मी आकसले आणि चाकाला घट्ट धरून बसले. "आता वीस वर्षं बघायला नको," कडूबा माझ्या मालकाला, रायभानला म्हणाला. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं खूश होते. कापसाची ओझी, लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, सारं मी वाहिलं.

मग जालन्याची मोटार आमच्या रस्त्यानं धावू लागली. इंजिनात पाणी भरायला ती रायभानच्या घरासमोर थांबे. तिच्या रबरी टायरवर ती नक्षी होती. मोटार गेली की रायभानची नऊ वर्षांची इंद्रायणी धुळीत बसून नक्षी न्याहाळी आणि अंगणात तशीच रांगोळी काढी. शेजारच्या बाया ती पाहायला येत. माझ्या रेघेवरूनच चालत येत, पण खाली कुणी पाहत नसे. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट होई. वाटेत बाभळीचा काटा दिसला की वाटे, हा त्या टायरला का सापडत नाही?

एके दिवशी मोटार चालवणाऱ्या पुंजारामनं ती रांगोळी पाहिली.

"काय गं, आमची नक्षी चोरली का?"

"चोरली न्हाई, मामा. बघून काढली."

"तेच ते. टायरवर इंग्रजीत लिहिलंय. कंपनीनं ही नक्षी सरकारात नोंदवली. दुसऱ्या कुणी काढली का जुर्माना. तुझ्या बापाला कचेरीत नेतील बराबर."

तो हसत निघून गेला. त्याची ती थट्टा होती. ती मनाई टायर बनवणाऱ्या दुसऱ्या कारखान्यांना होती, अंगणातल्या रांगोळीला नव्हती. पण हे इंद्रायणीला कोण सांगणार? तिनं दोन्ही हातांनी रांगोळी पुसून टाकली. आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी तिच्या थोरल्या बहिणीला, सोनूला पाहायला पाहुणे येणार होते. सकाळी आई गोपिकाबाईनं अंगण सारवलं आणि रांगोळीची वाटी इंद्रायणीपुढे ठेवली. पोरीनं हात पाठीमागे नेले.

"काढ की गं. बहिणीचं लग्न जमायचंय, आन् अंगण भुंडं ठेवती का?"

"मला तेवढीच येती, माय. ती काढली का दादाला कचेरीत नेतील." बापाला ती दादा म्हणे.

तेवढ्यात रायभान कडब्याची गाडी घेऊन आला. वळताना गाडीचं एक चाक ओल्या अंगणातून गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी रेघ उमटली.

"अवो, आत्ताच सारवलं ना मी. दिसत न्हाई का?" गोपिकाबाई म्हणाली. रायभान ओशाळला. इंद्रायणी मात्र रेघेजवळ बसली आणि तिनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"दादा, ही रेघ कुणी नोंदवली का?"

"ही? हिला कोण नोंदवतंय, बाई? गाड्या तितक्या रेघा."

मला ते फार लागलं. मित्रांनो, दुसऱ्याचं देखणेपण पाहून जळत बसू नका. जळणाऱ्याला आपल्याजवळचं काही दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

गोपिकाबाई शेणाचा गोळा घेऊन रेघ बुजवायला वाकली. इंद्रायणीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, माय."

मग तिनं चिमटीत रांगोळी घेतली, माझ्या रेघेला वेल मानलं आणि तिच्या उजव्या अंगाला एक पान काढलं. मग डाव्या अंगाला एक.