चोविसावी सुई

दर रविवारी दुपारी शिंपीणबाईंच्या दुकानावरच्या खोलीत चौघी जणी जमायच्या आणि चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या. नमुना नाही, टेप नाही, खडूची रेघ नाही. प्रत्येकीनं घरून आणलेले तुकडे एका मोठ्या पिशवीत ओतायचे, डोळे मिटून आत हात घालायचा आणि बोटांत येईल तो तुकडा आधीच्या तुकड्याला जोडायचा. आवडला नाही म्हणून परत टाकायची सोय नव्हती. कंडक्टरबाईंच्या वाट्याला दर वेळी तोच भडक नारिंगी पडदा यायचा. बसमध्ये तीस वर्षं लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' करून छळलं त्याची ही परतफेड आहे, असं त्या स्वतःच सांगायच्या.

नियम एकच होता, पण तो कडक होता. डब्यात चोवीस सुया. सुरुवातीला प्रत्येकीला सहा मोजून द्यायच्या, शेवटी चोवीस मोजून परत घ्यायच्या, आणि मोजणारीनं 'पूर्ण' म्हटल्याशिवाय गोधडीची घडी घालायची नाही. गोधडी म्हणजे तीन थर. आत एखादी सुई राहिली तर वरून दिसत नाही, कुणीतरी अंग टाकल्यावरच कळते. हे काम कंपाउंडरबाईंकडे होतं. एकतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात गोळ्या मोजून पुड्या बांधल्या होत्या आणि डॉक्टरांनी एकदाही पुडी उघडून बघितली नव्हती. डबाही त्यांच्याच घरी असायचा.

त्यांना दिसत नव्हतं, ही गोष्ट फक्त त्यांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत होती.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसायचं. पण जिथे बघावं नेमका तिथेच एक करडा डाग आगाऊ पाहुण्यासारखा येऊन बसायचा. आधी उजव्या डोळ्यात, मग आठ महिन्यांपूर्वी डाव्यातही. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना सांगा. आता घरचे म्हणजे कोण? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलगा फोनवर 'बरी आहेस ना' असं विचारायचा, म्हणजे उत्तर तोच देऊन टाकायचा. उरला रविवार. रविवारी कुणीतरी त्यांच्याशी भांडायचं, त्यांच्या चहाला नावं ठेवायचं, त्यांना 'अगं' म्हणायचं. मोजणारीलाच दिसत नाही असं कळलं तर डबा जाईल, आणि डब्यामागोमाग रविवारही जाईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून त्या गप्प बसल्या आणि नको तितक्या हुशार झाल्या. शनिवारी घरी बसून त्या चोवीसही सुया ओवणीच्या तारेनं ओवून ठेवायच्या; दोन-दोन तास लागायचे. बाकीच्यांना वाटायचं, काय ही सेवा. चिंध्या तर सगळ्याच डोळे मिटून काढायच्या. आणि शिवण वाकडी गेली तर शिंपीणबाई म्हणायच्या, "हिच्या हाताला बघा कशी गंमत आलीय. मी आपली जन्मभर सरळ शिवत बसले."

सुया त्या बोटांनीच मोजायच्या. डब्यात फ्लॅनेलची पट्टी होती, तिच्यात ओळीनं टोचलेल्या सुयांवरून बोट फिरवायचं. आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

त्या रविवारी धाकटीच्या बाळाची गोधडी पुरी झाली. धाकटी म्हणजे चौघींत वयानं सगळ्यांत लहान. अडीच महिन्यांची मुलगी घेऊन ती पुन्हा यायला लागली होती, आणि ती शिवायला बसली की पोरगी कंपाउंडरबाईंच्या मांडीवर असायची. गोधडी झकास झाली होती. एक कड दुसरीपेक्षा चार बोटं लांब, मधोमध तो नारिंगी पडदा. खाली धाकटीचा नवरा नको तिथे गाडी उभी करून हॉर्न वाजवत होता. पोरगी रडत होती. शिंपीणबाई खिडकीतून जावयाला दम द्यावा तसा त्याला दम देत होत्या. कंपाउंडरबाईंचं बोट एकोणीस का वीस इथे होतं, आणि तिथेच मोजणी सुटली.

पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं. तेवढ्यात कंडक्टरबाई म्हणाल्या, "काय गं, आज इतका वेळ? हात थकला का?"

त्यांच्या मोजण्याबद्दल असं कधी कुणी बोललं नव्हतं. कंपाउंडरबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी डबा मिटला.

"पूर्ण," त्या म्हणाल्या.

सोमवारी दुपारी सुयांना गंज चढू नये म्हणून पावडर लावायला त्यांनी डबा उघडला आणि सहज मोजल्या. तेवीस. परत मोजल्या. तेवीस. पट्टी मांडीवर घेऊन, खिडकीशी नेऊन, उलट्या बाजूनं मोजल्या. तेवीसच. त्यांनी पर्स उलटी केली, साडीचा पदर झटकला, गुडघ्यांवर बसून अख्ख्या खोलीत तळहात फिरवला. मग शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन 'माझा रुमाल राहिला' म्हणून वरच्या खोलीची फरशी चाचपून आल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता. शिंपीणबाईंनी तो पाहिला आणि वय झालं बिचारीचं असं वाटून त्या काही बोलल्या नाहीत. सुई मिळाली नाही.

म्हणजे ती गोधडीत होती. आता साधी गोष्ट होती: धाकटीला फोन करायचा आणि म्हणायचं, बाळाला उचल, आत सुई आहे. दहा सेकंदांचं काम. पण पुढचा प्रश्न काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही तर पूर्ण म्हणालात ना काकू? सोमवारची संध्याकाळ त्यांनी फोनसमोर बसून काढली. कदाचित सुई जिन्यात पडली असेल. कदाचित कडेच्या दुमडीत असेल, तिथे बाळ कशाला जातंय. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की कुठवर जाईल याला धरबंध नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी फोन लावला.

"बाळ कसं आहे गं?"

"काय सांगू काकू, रात्रभर रडली. ठेवलं की रडते, उचललं की गप्प."

कंपाउंडरबाईंनी तेवढंच ऐकलं. ठेवलं की रडते. कशावर ठेवलं, हे विचारायची सोय नव्हती. तोंड उघडलं तेव्हा त्यातून निघालं ते असं: "गॅस झाला असेल. ओवा… नाहीतर असं कर, पोट जरा शेक."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. एकतीस वर्षांत एकदाच चुकीच्या पुडीत चुकीच्या गोळ्या गेल्या होत्या, आणि तेव्हा त्या भर उन्हात चपला न घालता ती पुडी नेणाऱ्या म्हातारबाबांच्या घरापर्यंत धावल्या होत्या. ती बाई कुठे गेली, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

बुधवारी दुपारी डबा पर्समध्ये टाकून त्या धाकटीच्या घरी गेल्या. बेत अजूनही भित्राच होता: बाळाला बघायला आले म्हणायचं, गोधडी हाताळायची, सुई सापडली तर गुपचूप काढून घ्यायची. दार उघडून धाकटी हळू आवाजात म्हणाली, "या काकू. आत्ताच झोपलीय." बाळ जमिनीवरच्या गादीवर होतं, खाली तीच गोधडी. कंपाउंडरबाईंना नारिंगी रंग दिसला आणि मधोमध, बाळ असायला हवं तिथे, त्यांचा तो करडा डाग.

त्या खाली बसल्या. "कशी मऊ झालीय बघू," असं म्हणून त्यांनी कडेवरून हात फिरवायला सुरुवात केली. एक वीत, दोन वीत. हात बाळाच्या पाठीशी पोचला, गोधडी किंचित ओढली गेली, आणि पोरगी किंचाळून उठली.

"उचल तिला," कंपाउंडरबाई म्हणाल्या. "उचल आधी. आत सुई आहे."

धाकटीला क्षणभर काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पोरीला उचललं, खिडकीशी नेलं, अंगावरचे कपडे ओरबाडून काढले आणि पाठ, मांड्या, मान, तळवे, इंच न् इंच पाहिला. डायपरच्या इलॅस्टिकचा लाल वळ सोडला तर काही नव्हतं. मग तिनं उरलेल्या दोघींना फोन केला. कंपाउंडरबाईंकडे तिनं वळून पाहिलं नाही.

अर्ध्या तासात शिंपीणबाई दोन लहान कात्र्या घेऊन हजर झाल्या, मागोमाग धापा टाकत कंडक्टरबाई. जेवायच्या टेबलावर गोधडी पसरली आणि तीन महिन्यांचं काम टाक्याटाक्यानं उसवायला घेतलं. एकेक तुकडा उजेडात धरायचा, दुमडी उलटायची, मधला कापूस बोटांनी पिंजायचा. कंपाउंडरबाई कापूस पिंजत होत्या आणि प्रत्येक पुंजक्याबरोबर वाटत होतं, आता टोचेल. टोचावं, असंही वाटत होतं. संध्याकाळ होत आली तेव्हा टेबलावर चिंध्यांचा ढीग होता आणि कापसाचा ढीग होता. सुई नव्हती.

"डबा कुठाय?" शिंपीणबाईंनी विचारलं.

कंपाउंडरबाईंनी पर्समधून काढून दिला. शिंपीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पट्टी दिव्याखाली धरली आणि ओठ हलवत मोजलं. एकदाच.

"चोवीस आहेत."

"नाहीत हो ताई. तेवीस."

"चोवीस आहेत. या दोघी एकाच भोकातून गेल्यात. बघ की, समोरच तर आहेत."

कंपाउंडरबाईंनी बघितलं. जिथे बघितलं तिथे डाग होता. त्यांनी बोट पुढे केलं, शिंपीणबाईंनी ते धरून जागेवर ठेवलं, आणि तेव्हाही त्यांना एकच सुई लागली. नखानं जरा रेटल्यावर दुसरी सुटली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कंडक्टरबाई खुर्चीत कोसळल्या आणि हसत सुटल्या. "सुई नाही, काही नाही, आणि आपण अख्खी गोधडी उसवून बसलो. शाबास आपली."

धाकटी हसली नाही. बाळाला खांद्यावर थोपटत ती म्हणाली, "काकू, तुम्ही कधी मोजल्या होत्या?"

"सोमवारी."

"मंगळवारी फोन केलात तेव्हा तुम्हाला वाटत होतं, सुई आत आहे."

"हो."

"मी म्हणाले, रात्रभर रडली. आणि तुम्ही म्हणालात, गॅस झाला असेल."

सुई कधीच आत नव्हती, पण ते मंगळवारी कंपाउंडरबाईंना माहीत नव्हतं. मंगळवारी त्यांच्या लेखी बाळ सुईवर झोपलं होतं, आणि त्यांनी पोट शेकायला सांगितलं होतं.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांनी. आठ महिने झाले. सांगायची लाज वाटली. तुम्ही मला यायला नको म्हणाल, असं वाटलं. रविवारी मी पूर्ण म्हणाले तेव्हा पुरतं मोजलंच नव्हतं." आणि मग त्यांना रडू आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

शिंपीणबाई म्हणाल्या, "आठ महिने मी त्या वाकड्या शिवणींचं कौतुक करतेय." त्यांच्या आवाजात राग होता की दुःख, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कंपाउंडरबाई उठल्या. भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या आणि पायानं चपला चाचपायला लागल्या. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या खरंच चाचपत होत्या.

"कुठे निघालीस?" शिंपीणबाई म्हणाल्या. "हे सगळं कोण शिवणार? आम्ही तिघी?"

त्या परत आल्या. खुर्चीत बसल्या. समोर कुणीतरी दोन तुकडे आणि एक सुई सरकवली. कंपाउंडरबाईंनी दोरा नाकाजवळ धरून एकदा नेम धरला, दुसऱ्यांदा धरला, आणि मग जे आठ महिन्यांत त्या कुणालाच म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या.

"मला ओवून द्या कुणीतरी."

बाजूला धाकटीच होती. तिनं एका हातानं बाळाला छातीशी धरलं, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई ओवली आणि कंपाउंडरबाईंच्या बोटांत दिली. मग तिला स्वतःलाही शिवायचं होतं. कंपाउंडरबाईंचे हात सवयीनं पुढे आले, रविवारी यायचे तसे, बाळाला मांडीवर घ्यायला.

धाकटीनं वळून पोरीला कंडक्टरबाईंकडे दिलं.

"आज नको, काकू," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

कंपाउंडरबाईंनी हात मागे घेतले. "पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, आणि तुकड्याची कड बोटांनी शोधून त्यांनी पहिला टाका घातला.