फोटोतला टायगर

चुकीचं काही कानावर पडलं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या सदाशिव पेठेत याला गुण समजतात. अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडीला आलो तरी जित्याची खोड गेली नाही, आणि २००४ च्या नोव्हेंबरात तिनं एक सुखाचा संसार मोडला. याची मला आजही लाज वाटते.

आमचे घरमालक वॉल्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रणगाड्याचे कमांडर होते. खाली ते आणि रूथकाकू, वर मी आणि माझा रूममेट संग्राम. रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं की नॉर्मंडीची एकच गोष्ट व्हायची. अरुंद रस्ता, पुढे एडीचा रणगाडा, मागे यांचा. वळणावर अचानक टायगर, जर्मनांचा सगळ्यात दणकट रणगाडा. पहिल्या गोळ्यानं एडीच्या रणगाड्याचा चाकांवरचा पट्टा तुटला आणि तो जागीच अडकला. टायगरपुढे आपल्या तोफेचा काय निभाव लागणार, म्हणून वॉल्टनी आपला रणगाडा मागे घ्यायला लावला. दुसऱ्या गोळ्यानं एडी आणि त्याची चार माणसं जळून गेली.

एडी हा रूथकाकूंचा सख्खा भाऊ. ही हकिकत सांगायला वॉल्ट त्यांच्या घरी गेले आणि पुढे दोघांचं लग्न झालं.

जर्मन रणगाडे हा माझा जुना नाद. टायगरच्या गिअरबॉक्सवर मी आठवडेच्या आठवडे घालवले होते. संग्राम म्हणायचा, "यार, एवढा टाइम थीसिसला दिला असतास तर एव्हाना पीएचडी झाली असती!"

त्या रविवारी वॉल्टनी पहिल्यांदाच एक फोटो दाखवला. तोच रणगाडा, दुसऱ्या दिवशी विमानांनी निकामी केलेला. काकू स्वयंपाकघरात होत्या.

"हा टायगर नाहीये," मी म्हणालो, तेही अगदी खुशीत. "चाकं मोजा. एका बाजूला आठ, छोटी छोटी. टायगरची मोठी असतात, एकमेकांत गुंतलेली. हा पँझर फोर. बाजूनं पत्रे लावले की लांबून टायगर वाटायचा. खूप जण फसले."

वॉल्टनी चष्मा पुसला. चाकं मोजली. पुन्हा मोजली.

"याचं चिलखत आमच्या तोफेनं फुटलं असतं?"

"पाचशे यार्डांवरूनसुद्धा."

"आम्ही दोनशेवर होतो," ते म्हणाले. "गोळा भरलेला होता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात काकू कॉफी घेऊन आल्या.

"काय म्हणतायत आमचे एक्स्पर्ट?"

"टायगरच आहे, काकू," मी घाईनं म्हणालो. "शंकाच नाही."

काकूंनी वॉल्टच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ. तू काय करणार होतास?"

वॉल्टनी तो हात हळूच बाजूला केला.

"नाही, रूथ. हा माझ्यासाठी खोटं बोलतोय. साधा रणगाडा होता. मी त्याला उडवू शकलो असतो. घाबरलो आणि मागे फिरलो."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी फोटो जवळ ओढला.

"पट्टा तुटल्यावर," काकूंनी विचारलं, "एडीनं रेडिओवरून तुला हाक मारली होती?"

"हो," वॉल्ट म्हणाले.