तळाचा ठिपका

सिस्टरांनी लघवीची बाटली उजेडाकडे धरली आणि सवयीने उलटी केली. तळाला लाल ठिपका चिकटवलेला होता.

त्यांनी बाटली सरळ केली, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि ती इतर बाटल्यांच्या मागे ठेवून दिली. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही, हे त्यांनीच हाताखालच्या मुलींना शिकवलं होतं.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा तो दवाखाना. तिथे बायका एकट्या येतच नसत. नवरा, सासू, नणंद, कुणीतरी कोपराला कोपर लावून बसलेलं असायचं, आणि बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या खुर्चीतून यायचं. म्हणून डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी मिळून एक रीत पाडली होती. बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, एक सूचना लावली होती. घरी कुणी मारत असेल, जबरदस्ती करत असेल, तर खालच्या वाटीतला एक लाल ठिपका बाटलीच्या तळाला लावा. बाहेर कुणाला काही सांगावं लागणार नाही. तसा ठिपका दिसला, की वजन करायच्या निमित्ताने त्या बाईला आत बोलवायचं. एकटीला.

बाटली कुणाची, हे शोधावं लागलं नाही. भिंतीलगतच्या खुर्चीत ती बसली होती, उजव्या मनगटाला पट्टी, हात मांडीवर ठेवलेला. शेजारी सासू. मनगटाचं कारण नवऱ्याने सकाळी आल्या आल्या, कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं: पायरीवरून पाय घसरला. माणूस बोलका होता. सगळ्यांसाठी दार उघडून धरायचा, सिस्टरांना ताई म्हणायचा. सुनेला एका हाताने जमणार नाही म्हणून सासू तिच्याबरोबर संडासाकडे निघाली, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "एवढीशी बाटली भरायला दोघीजणी?" रांगेतले दोघेतिघे हसलेही होते.

आता तो बोळाच्या टोकाच्या खोलीत होता. तिथे एक खुर्ची, एक बेसिन आणि दाराला आतून कडी. पुरुषांनी वीर्याचा नमुना द्यायचा तो तिथे. मागच्या दोन्ही खेपांना तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला होता. सिस्टरांना त्याचं नवल वाटलं नव्हतं. भल्याभल्यांना त्या खोलीत जमत नाही. त्यावर औषध आहे, नमुना घरून आणायची सोय आहे, मोकळेपणी बोलायला डॉक्टर आहेत. त्यांनी त्याला हे सगळं समजावून सांगितलं होतं. तो "हो ताई, हो ताई" म्हणाला होता आणि बायकोकडे बघत राहिला होता.

सिस्टरांनी हळूच नाव पुकारलं. भिंतीवरचा टीव्ही पुटपुटत होता, तरी आधी सासूने मान वर केली, मग सुनेने. दोघी उठल्या.

"वजन करायचंय. एकटीच येऊ दे," सिस्टर म्हणाल्या.

सासू लगेच खाली बसली. एरवी सासवा इतक्या सहज बसत नसत.

आतल्या खोलीत सिस्टरांनी दार लावलं, काट्याकडे न नेता तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. ठिपका मिळाला, त्या म्हणाल्या. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. तू सांगशील तेवढंच ऐकू, आणि तू म्हणशील तेवढंच करू.

"कसला ठिपका?"

सिस्टरांनी बाटलीबद्दल सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नाही लावला. खरंच नाही. त्यांना सांगू नका."

ती उठून दाराशी गेली, परत आली. ही नवऱ्याचीच काही युक्ती असावी, आपण बाहेर काय बोलतो ते बघायला, असं तिच्या मनात आलेलं सिस्टरांना दिसलं. त्यांनी घाई केली नाही. संडास बायकांचा आहे, त्यांनी आठवण करून दिली; तिथे तो येऊच शकत नाही. बाटली कुणाकुणाच्या हातात होती, ते नीट आठव.

ती पट्टीकडे बघत राहिली.

"मला झाकण लावता येईना. आईंनी लावलं. मी हात धूत होते."

मग तिने मान हलवली.

"आई नसतील," ती म्हणाली. "त्यांना कधी काही ऐकूच आलेलं नाही. आमच्या खोलीतून आवाज यायला लागला, की त्या बाहेर टीव्ही मोठा करतात."

मग ती बोलू लागली, एखाद्या दुसऱ्याच बाईचं सांगावं तशी. पहिल्या खेपेला तो रिकाम्या डबीने बाहेर आला, त्या रात्री नुसतं ढकललं होतं. दुसऱ्या खेपेनंतर मनगट. तू बाहेर बसलेली असतेस म्हणून मला जमत नाही, असं त्याचं म्हणणं. घरीही जमत नाही, आणि घरी जमलं नाही की तो काय काय करतो, ते तिने सांगितलं. सिस्टरांनी मान खाली घातली नाही. ऐकताना मान खाली घातली, की सांगणारीला आपणच काही वाईट केल्यासारखं वाटतं, हे त्यांना पूर्वी एका बाईनेच सांगितलं होतं.

"आज पुन्हा रिकामी आली तर?" सिस्टरांनी विचारलं.

"त्याची सवय झालीय." ती थांबली. "भरलेली आली तर काय, याची जास्त भीती वाटते. मग त्या घरात मूल येईल."

सिस्टरांनी तिला सगळं उलगडून सांगितलं, लहान मुलाला रस्ता दाखवावा तसं, एकेका वळणाशी थांबत. मागच्या खोलीत डॉक्टर आहेत. त्या मनगट तपासतील, काय झालं ते तू सांगशील तसं लिहून ठेवतील. बायकांसाठी राहायची सोय आहे, पत्ता कुणाला देत नाहीत. गाडी मागच्या दाराशी येते. पोलिसांकडे जायचं की नाही, ते तू नंतर ठरव. आज जायचं नसेल, तर आज नको. दार उघडंच आहे.

तिने विचारलं, उपचाराची इंजेक्शनं अर्धवट सोडली तर चालतं का. चालतं, सिस्टर म्हणाल्या. पुढचं डॉक्टर सांगतील.

"मग जाते," ती म्हणाली. आणि लगेच, "पण आई?"

सिस्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन बाहेर आल्या. बोळाच्या टोकाचं दार अजून बंद होतं. त्या सासूशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या, त्या खुर्चीतली सुनेची पिशवी मांडीवर घेतली, आणि बघणाऱ्याला रोजचंच काम वाटावं म्हणून म्हातारीच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"ठिपका तुम्ही लावलात?"

सासू टीव्हीकडे बघत राहिली.

"मागच्या खेपेलाच वाचलं होतं," ती म्हणाली. "अक्षर लावून लावून वाचलं. हात धजला नाही. तेव्हाच लावला असता, तर तिचं मनगट शाबूत राहिलं असतं."

सिस्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं, ती जायला तयार आहे. तुम्हीही चला, गाडीत जागा आहे.

"मी उठले तर तो बाहेर आल्या आल्या शोधायला लागेल. कुणीतरी बसलेलं दिसायला हवं."

"तुमच्यावर हात उचलतो?"

"आजवर नाही. बापाचा सगळा मार माझ्या वाट्याला आला, तो कोपऱ्यात उभा राहून बघायचा. मला वाटायचं, पोरगं घाबरलंय." यंत्राचा काटा थरथरत खाली आला. "आजचं आज बघू."

दारावर रखवालदार आहे, मी इथून हलणार नाही, आणि तुमचं मन बदललं तर मला सिस्टर न म्हणता या बिल्ल्यावरच्या नावाने हाक मारा, सिस्टर म्हणाल्या. म्हातारीने मान हलवली. सिस्टर पिशवी घेऊन उठू लागल्या, तसं तिने पिशवीचा बंद धरला.

"ही राहू दे. पिशवी दिसली, की माणूस परत येणार असं वाटतं."

तिने पिशवीत हात घालून चष्म्याचं घर तेवढं बाहेर काढलं आणि सिस्टरांच्या हातात दिलं.

"तिला लांबचं दिसत नाही. त्याला आवडत नाही म्हणून घालत नाही. गाडीत बसल्यावर घालायला सांगा."

सिस्टर चष्मा आत देऊन परत आल्या. टेबलाशी उभ्या राहून त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या. पहिल्या दोन वाकड्या लागल्या.

कडी वाजली. तो बोळातून आला तो हसतच. आज डबी रिकामी नव्हती. त्याने ती टेबलावर ठेवली, किंचित पुढे सरकवली.

"घ्या ताई. उगाच काळजी करत होतो आपण."

"बसा. डॉक्टर बोलावतील," सिस्टर म्हणाल्या.

तो आईकडे गेला. शेजारच्या खुर्चीतली पिशवी त्याने उचलली, खाली ठेवली, आणि पाय पसरून बसला.

"ही कुठेय? तिला सांगायचंय."

"वजन करतायत," आई म्हणाली. "वेळ लागतो म्हणे. तू बस."

त्याने बोळाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. गुडघा हलू लागला. इमारतीच्या मागच्या बाजूला कुठेतरी गाडीचं दार लागल्यासारखा आवाज झाला. त्याने मान वळवली.

म्हातारीने हात वर केला.

"सिस्टर," ती म्हणाली, "त्या टीव्हीचा आवाज जरा मोठा करा. मला हल्ली नीट ऐकू येत नाही."